‘हॉस्पिटल प्लेलिस्ट’ : वीस वर्षांनीही पाचही जण रोज एकत्र जेवतात, हे पटतं का?

मोरपंखी

(दोन्ही सीझनचे स्पॉयलर आहेत. पाहायची असेल त्यांनी इथूनच यू टर्न घ्या. नंतर बोंबाबोंब चालणार नाही.)

मंडळी, कोरियन मालिकांच्या धाग्यावर ‘हॉस्पिटल प्लेलिस्ट’चं नाव अधूनमधून येतं, चार जण ‘आवडती!’ म्हणतात आणि गाडी पुढे जाते. मला तिच्यावर नीट भांडायचं आहे, म्हणून वेगळा धागा.

ज्यांनी पाहिली नाही आणि तरीही वाचताय त्यांच्यासाठी: सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत १९९९ साली मेडिकलला आलेले पाच जण. मालिका सुरू होते तेव्हा चाळिशीला टेकलेत. इक-जुन यकृत प्रत्यारोपण करतो, जोंग-वोन लहान मुलांचा सर्जन, जुन-वान हृदयाचा, सोक-ह्योंग गायनॅक आणि सोंग-ह्वा न्यूरोसर्जन. पाचही जण युल्जे नावाच्या एकाच हॉस्पिटलात. दिग्दर्शक शिन वोन-हो, लेखिका ली वू-जंग, म्हणजे ‘रिप्लाय’ मालिकांची जोडी. पहिला सीझन २०२० च्या मार्च ते मे, दुसरा २०२१ च्या जून ते सप्टेंबर, दोन्ही बारा-बारा भागांचे. खलनायक नाही, कटकारस्थान नाही. पेशंट येतात, ऑपरेशनं होतात, हे पाच जण कॅन्टीनमध्ये जेवतात आणि सवड मिळाली की जुना बँड वाजवतात.

आता माझी तक्रार. एवढ्या वर्षांत यांचं एकही खरं भांडण नाही. टोमणे आहेत, ताटातलं पळवणं आहे, पण कोणी कोणावर महिनाभर अबोला धरलाय, लग्नाला बोलावलं नाही म्हणून मनात ठेवलंय, असं काही नाही. आधी पाहताना छान वाटलं. मग दुसऱ्या सीझनच्या मध्यावर मला चक्क राग यायला लागला. माझ्या कॉलेजच्या ग्रुपमधल्या एकालाही मी आज रात्री अकराला उगाच फोन करू शकत नाही. आधी मेसेज टाकावा लागतो, ‘फ्री आहेस का?’

तर प्रश्न असा: ही मालिका आपल्याला गोड थाप मारतेय, की आपणच आळशी?

तिखटमीठ

मी पयली! खुर्ची टाकून बसले आहे, चालू द्या.

कोकणकडा

मोरपंखीताई, थाप नाही म्हणणार मी. पहिला भाग परत बघा. हे पाच जण आपोआप एकत्र राहिलेले नाहीतच. वेगवेगळ्या ठिकाणी पांगलेले असतात. जोंग-वोन चेअरमनना सौदा सांगतो की व्हीआयपी वॉर्ड मी चालवतो, त्यातला नफा गरीब पेशंटच्या बिलांना वापरू द्या. मग तो मित्रांना दुप्पट पगाराचं आमिष दाखवून गोळा करतो. सगळे तयार होतात, पण सोक-ह्योंग अट घालतो: बँड पुन्हा सुरू करायचा.

मला ही अटच मालिकेचा कणा वाटते. पाचांत सगळ्यात घुमा, माणसं टाळणारा, सुट्टीच्या दिवशी आईला घेऊन फिरणारा असा हा प्राणी. गप्पा मारायला भेटू या, असं तो जन्मात म्हणाला नसता. ‘वाजवायला भेटू’ म्हटलं की त्याला बोलावं लागत नाही. पुरुषांच्या मैत्रीचं इतकं नेमकं निदान मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आम्ही मित्र भेटतो ते कायम कशाच्या तरी निमित्ताने. कुणाची गाडी बघायला, कुणाच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग बघायला. नुसतं ‘ये, बोलू’ म्हणून फोन आला तर मी विचारेन, काय झालं, सगळं ठीक ना?

खडूस

अख्ख्या हॉस्पिटलात एकही हरामखोर माणूस नाही. तिथेच माझा विश्वास उडाला. मी तीन भागांनंतर सोडली.

तिखटमीठ

खडूसराव, तुम्ही तीन भाग पाहिलेत हीच ब्रेकिंग न्यूज आहे.

डॉ_फिरस्ता

धाग्यावर पेशाने डॉक्टर म्हणून बोलतो. (मी भूलतज्ज्ञ. मालिकेत आमच्या जमातीला दोन वाक्यं असतात, ती पण ‘बीपी पडतंय’ एवढीच. निषेध.)

तांत्रिक बाजू बरीच चांगली आहे. ऑपरेशनच्या दृश्यांत आरडाओरडा नाही, जे खरं आहे. चांगला सर्जन ऑपरेशन थिएटरात कंटाळवाणा असतो. पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातमी देताना ही मंडळी वाक्यं कशी जुळवतात ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, ते बघून शिकावं असं आहे. खडूस म्हणतात तसे सगळेच गोड नाहीत. तुसडे प्रोफेसर आहेत, रेसिडेंटला (म्हणजे शिकणाऱ्या निवासी डॉक्टरला) झापणारे नातेवाईक आहेत. फक्त कॅमेरा त्यांच्यावर रेंगाळत नाही.

न पटणारी गोष्ट म्हणजे रिकामे कॉरिडॉर! कुठल्याही सरकारी हॉस्पिटलात हाऊसमन म्हणून काम केलेल्या माणसाला ते कॉरिडॉर पाहून अश्रू येतील. दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी नाही, जिन्यात डबा खाणारे नातेवाईक नाहीत. अर्थात चित्रीकरण इह्वा विद्यापीठाच्या सोलमधल्या हॉस्पिटलात झालंय आणि ते सुरूच २०१९ मध्ये झालं, त्यामुळे भिंती चकचकीत असणारच.

आता मूळ प्रश्न. ही मैत्री मला अजिबात खोटी वाटत नाही, कारण मेडिकलची मैत्री निराळी असते. इंटर्नशिपमध्ये ज्याच्याबरोबर तुम्ही रात्रभर जागलात, ज्याने तुम्हाला न विचारता तुमची सॅम्पल्स लॅबला पोचवली, ज्याच्यासमोर तुम्ही पहिला पेशंट गेल्यावर लिनन रूममध्ये रडलात, त्याच्याशी पुढची दहा वर्षं बोलणं झालं नाही तरी चालतं. पण पाचही जण एकाच हॉस्पिटलात कन्सल्टंट? ते मात्र स्वप्नरंजन. आमच्या बॅचमधला एक नांदेडला, एक मस्कतला, दोघी नवऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये, आणि एक प्रॅक्टिस सोडून द्राक्षं पिकवतो. तोच सगळ्यात सुखी आहे.

मंजुळा

कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. इक-जुनच्या घरी उजूला कोण सांभाळतं? वांग मावशी! बायकोशी घटस्फोट झालेला, मुलगा बालवाडीतला, आणि हा माणूस मध्यरात्री प्रत्यारोपण करतो, शिवाय बँडला हजर. मावशी एक दिवस गावाला गेली तर सगळी मालिका आडवी होईल.

आणि पाचांत बाई एकच. ती अविवाहित, मूल नाही, सासर नाही. सोंग-ह्वा मला जिवापाड आवडते. पण तिला दोन मुलं आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई असत्या तर ती त्या बँडला किती वेळा गेली असती, हे लेखिकेने विचारलंच नाही. आमचा पाच जणींचा ग्रुप होता. एकही भांडण न होता मोडला. एकीची बदली, एकीचं बाळंतपण, एकीच्या मुलाची दहावी, मग दुसरीच्या मुलाची बारावी. एकमेकींचं काही चुकलं नाही. फक्त शनिवार कुणाचाच मोकळा राहिला नाही.

मोरपंखी, ‘आपण आळशी’ वगैरे मनाला लावून घेऊ नकोस. आळस करायला वेळ कुठे होता?

कोकणकडा

मंजुळाताई, मावशीचा मुद्दा जबरी. मी दोन्ही सीझन पाहूनही डोक्यात आला नव्हता.

बे_एरियातला_बापू

अजून एक गोष्ट लपवली आहे : पैसा. पाचही सर्जन, पाचही एकाच पगाराच्या पायरीवर. उलट सोक-ह्योंग आणि जोंग-वोन तर गडगंज घरचे. बिल कोण देणार यावरून फक्त विनोद होतात.

आमच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपची खरी फाळणी लग्नांनी केली नाही, गोव्याच्या ट्रिपने केली. एकाने रिसॉर्टची लिंक टाकली. दोघांनी अंगठा दाखवला. एक जण गप्प राहिला. त्याची नोकरी गेली होती आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. पुढच्या वेळी त्याने ‘घरी कार्यक्रम आहे’ सांगितलं, त्याच्या पुढच्या वेळी त्याला कुणी विचारलंच नाही. जोंग-वोन गुपचूप गरीब पेशंटची बिलं भरतो, ‘डॅडी लाँग लेग्ज’ नावाने. भला माणूस. पण पाचांपैकीच एकाला पैशाची गरज पडली असती तर? अनोळखी माणसाला पैसे देणं सोपं असतं हो, मित्राला देऊन नंतर त्याच्या डोळ्यांत बघणं अवघड.

सोलापुरी_चादर

बापू, हे वाक्य जपून ठेवतो. वाखुसा (वाचनखूण साठवली).

नदीपात्र

मी पुण्यातला, ढोल पथकातला. बँडवाल्या अटीबद्दल कोकणकडा जे म्हणाले त्याला माझं दणदणीत अनुमोदन.

आम्ही कॉलेजचे सहा-सात जण अजून एकमेकांच्या आयुष्यात आहोत ते निव्वळ पथकामुळे. गणपतीच्या दोन महिने आधी सराव सुरू होतो, तेव्हा भेटावंच लागतं, कारण हात बसला नाही तर मिरवणुकीत पोरं हसतात. सरावात कुणी मन वगैरे मोकळं करत नाही. ढोलाच्या आवाजात करणार तरी काय! पण नंतर चहाच्या टपरीवर कुणाच्या वडिलांची केमो चालू आहे ते कळतं. उरलेले दहा महिने ग्रुपवर फक्त सुविचार आणि वाढदिवसाचे केक.

आणि हो, चाळिशीनंतर ढोल कमरेला बांधून पाच तास चालणं हा मालिकेचा वेगळा सीझन होईल. आमच्यातल्या दोघांनी आता ताशा घेतलाय. एकाने ध्वज.

तिखटमीठ

पुढच्या वर्षी सगळ्यांनी टाळ घ्या म्हणजे झालं. (हलके घ्या.)

जुनी_वही

अवांतर होईल, पण याच जोडीची ‘रिप्लाय १९९४’ विषयाच्या जास्त जवळ नाही का? कॉलेजचे दिवस तिथे तोंडी लावायला नाहीत, मुख्य ताट आहे. सोलच्या सिंचोन भागातली खानावळवजा बोर्डिंग, मालक-मालकीण मासानचे, आणि खोल्यांमध्ये समचोनपो, सुनचोन, योसू अशा लांबलांबच्या गावांतून आलेली पोरं. त्यातल्या एकाला तर सगळे गावाच्या नावानेच ‘समचोनपो’ म्हणून हाक मारतात. समचोनपो पहिल्यांदा सोलला उतरतो आणि स्टेशनपासून बोर्डिंगपर्यंत पोचता पोचता त्याचा दिवस जातो, तो भाग पाहून मी लोळलो. लातूरहून येऊन स्वारगेटला उतरलेल्या आणि सदाशिव पेठेतली कॉट बेसिसची खोली शोधणाऱ्या कुणालाही तो प्रसंग परका वाटणार नाही. फक्त आमच्या मालकीणबाई डोंगराएवढं जेवण वाढत नव्हत्या. आठनंतर गिझर बंद.

१९९५ मधली सामपुंग डिपार्टमेंट स्टोअरची दुर्घटना (५०२ माणसं गेली त्यात), मग १९९७ चं आर्थिक संकट, हे सगळं त्या पोरांच्या आयुष्यातून जातं. पण चौकट २०१३ ची, जेव्हा ही मंडळी मोठी झाली आहेत. आणि तिथे लेखिका हुशारीने एकच खेळ खेळते : नायिकेचा नवरा यांच्यातला कोण? मधल्या पंधरा वर्षांत मैत्रीचं काय झालं, ते सांगतच नाही. ‘हॉस्पिटल प्लेलिस्ट’ उलट. कॉलेज फ्लॅशबॅकमध्ये, चाळिशी समोर. दोन्ही मालिका मिळून एक पूर्ण गोष्ट होते असं माझं मत. तरी मधला काळ दोन्हीकडे गायबच.

मोरपंखी

जुनी_वही, मधला काळ गायब हे अगदी बरोबर! पंचवीस ते अडतीस! तेच तर वांध्याचे दिवस.

मँचेस्टरची_माई

मधला काळ ज्यांनी दाखवला ते इथले ब्रिटिश. ‘कोल्ड फीट’ कुणी पाहिली आहे का? मँचेस्टरमधली तीन जोडपी. १९९७ ला पायलट, १९९८ ते २००३ मालिका, आणि मग २०१६ मध्ये तेच कलाकार परत. मेकअपने पिकवलेले केस नाहीत, खरोखर तेरा वर्षं म्हातारे झालेले चेहरे. त्यातली रेचल २००३ मध्येच गाडीच्या अपघातात जाते, म्हणजे परत येताना एक जागा रिकामी. आणि तिथे सगळं आहे बरं. दारू, नैराश्य, मित्राच्या बायकोबद्दल नको ते विचार, पैशाची तंगी, पोरांची तोंडं.

गंमत अशी की मी ती एकदाच पाहिली. ‘हॉस्पिटल प्लेलिस्ट’ मात्र लॉकडाऊनपासून मनात येईल तेव्हा लावते. इथे बाहेर चारला अंधार होतो, त्या वेळी मला खरं काही नको असतं.

खडूस

म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला. हे गुंगीचं औषध आहे.

डॉ_फिरस्ता

गुंगीच्या औषधाबद्दल पुन्हा अपशब्द काढल्यास भूलतज्ज्ञ संघटना आंदोलन करेल.

रविवारची_मिसळ

अरे काय हे!!! इक-जुन आणि सोंग-ह्वाचं शेवटी जुळतं का नाही ते कुणी फोडू नका प्लीज, मी दुसऱ्या सीझनच्या सातव्या भागावर आहे.

तिखटमीठ

पहिल्या ओळीत सूचना होती, मिसळताई.

रविवारची_मिसळ

ती वाचली. पण राहवलं नाही म्हणून प्रतिसादही वाचले. आता कळलंय असं समजून बोला, काय ते.

सूरपेटी

बरं मग बोलते. मला त्यांचं प्रेमप्रकरण आवडण्यापेक्षा त्यामागचा १९९९ चा तिढा आवडतो. इक-जुनला ती तेव्हापासूनच आवडत होती, पण सोक-ह्योंगलाही ती आवडते हे कळल्यावर हा गप्प बसला. सोक-ह्योंगने विचारलं, तिने नकार दिला, आणि तिघेही पुढची वीस वर्षं मित्र राहिले. यावर खरं तर वेगळा धागा निघेल. आपल्याकडे अशा नकारानंतर मुलगी ग्रुपमधून बाद होते. आमच्या कॉलेजात झालीच होती. कुणी काही बोललं नाही, नुसतं तिला निरोप मिळेनासे झाले.

रच्याकने (बाय द वे), बँडबद्दल थोडं. नाव ‘मिदो आणि फालासोल’. पाचही कलाकार स्वतः वाद्यं शिकून वाजवतात. सोंग-ह्वा मालिकेत ठार बेसुरी, आणि गायचा हट्ट मात्र तिचाच. ती भूमिका करणारी जोन मि-दो प्रत्यक्षात संगीत रंगभूमीवरची कसलेली गायिका आहे! ‘मेबी हॅपी एंडिंग’ या ज्या कोरियन संगीतिकेला ब्रॉडवेवर २०२५ चा सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा टोनी मिळाला, तिच्या सोलमधल्या मूळ प्रयोगात ही नायिका होती. सुरात गाणारीने इतकं सातत्याने बेसूर गाणं हे फार अवघड. मी गाणं शिकवते, मला विचारा. बेसुराला सुरात आणणं जमतं एक वेळ. उलट नाही.

गाणीही सगळी यांच्या तरुणपणातली निवडली आहेत. ‘अलोहा’ हे कूल या गटाचं २००१ चं गाणं, इक-जुनच्या आवाजात आलं आणि २०२० मध्ये पुन्हा तुफान चाललं. पडद्यावरचे पाच जण आणि पाहणारा प्रेक्षक एकाच वेळी तरुण होतात, हा यामागचा खरा चावटपणा.

अण्णा_नाशिककर

नमस्कार. मी सत्तरीपुढचा, मुलीने लावून दिली म्हणून पाहिली. तुम्ही सगळे त्या पाच तरुणांवर बोलताय (चाळिशीची माणसं मला तरुणच), पण मला सगळ्यात आवडले ते जोंग-वोनची आई रोझा आणि चेअरमन जु जोंग-सू. लहानपणापासूनचे मित्र. ती विधवा, तिची मोठी मुलं पाद्री आणि नन झालेली, याची मुलं परदेशात. दोघं एकत्र जेवतात, भांडतात, कुणी कुणाच्या घरी दूध संपलंय ते बघतो. दुसऱ्या सीझनमध्ये तिला विसरायला होतं, चालताना तोल जातो. तिला वाटतं स्मृतिभ्रंश. ती मुलाला सांगत नाही. तो भाग मी एकटा बसून पाहिला, मुलीला मुद्दाम बोलावलं नाही.

तुम्ही विचारता चाळिशीत मैत्री टिकते का. अहो, चाळिशीत ती झोपते. पोरं मार्गी लागली, नोकरी संपली, की पुन्हा जागी होते. माझा शाळेतला मित्र रोज सकाळी साडेसहाला फोन करतो. विषय काही नसतो. ‘उठलास का?’ ‘उठलो.’ ‘पोट साफ झालं?’ ‘झालं.’ ठेव. मधली पंचवीस वर्षं आम्ही दिवाळीचं कार्डसुद्धा पाठवलं नव्हतं.

मंजुळा

अण्णा, दंडवत. ‘पोट साफ झालं?’ हा जगातला सर्वात रोमँटिक संवाद आहे.

डॉ_फिरस्ता

अण्णा, रोझाच्या आजाराबद्दल सांगतो, कारण धागा वाचणाऱ्या कुणाच्या घरी उपयोग होईल. तिला स्मृतिभ्रंश नसतो, मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाणी साचलेलं असतं. नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस. खुणा तीन : पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, विसरभोळेपणा आणि लघवीवरचा ताबा जाणं. म्हाताऱ्या माणसात हे दिसलं की घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. स्कॅन आणि काही तपासण्या करून निदान होतं, आणि शंट (बारीक नळी) टाकून जादाचं पाणी पोटात वळवलं तर निवडक पेशंट चांगले सुधारतात, विशेषतः चालणं. प्रत्येक विसरणारी आजी या गटातली नसते, पण विचारून बघावं. मालिकेने हे दाखवलं याबद्दल माझ्याकडून जास्तीचे मार्क.

कोकणकडा

डॉक्टरसाहेब, मालिकेतले रेसिडेंट फारच आनंदी दिसतात, त्यावर काही? आणि २०२४ चा तो कोरियातला संप?

डॉ_फिरस्ता

तो विषय काढलात, आता ऐका. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोरियन सरकारने मेडिकलच्या वर्षाच्या ३,०५८ जागांत एकदम २,००० ची भर टाकायचं जाहीर केलं. हजारो रेसिडेंट राजीनामे देऊन बाहेर पडले. लोक डॉक्टरांवर चिडलेले. नेमकी त्याच वेळी याच विश्वातली नवी मालिका तयार होती, युल्जेच्याच दुसऱ्या शाखेतल्या गायनॅकच्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटांची. ती वाहिनीने पुढे ढकलली आणि अखेर एप्रिल २०२५ मध्ये दाखवली. जुन्यांतले काही जण पाहुणे म्हणून डोकावतात तिच्यात. पण जनतेचा मूड असा की ‘गोड डॉक्टर’ ही कल्पनाच काही काळ चालेना.

तासांचं म्हणाल तर त्यांच्या कायद्यात रेसिडेंटला आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे. आपल्याकडे १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत कागदावर ४८ तास आहेत. कागदावर. ज्यांच्या घरी कुणी पीजी करतंय त्यांनी त्याला हा आकडा सांगून बघा आणि त्याचा चेहरा इथे वर्णन करा.

सोलापुरी_चादर

भावाला सांगितलं. तो हसला आणि उभ्या उभ्या झोपला.

खडूस

धागा लांबलाच आहे तर माझंही घ्या. तीन भागांनंतर सोडली म्हणालो ते खरं, पण कारण ‘सगळे चांगले’ एवढंच नव्हतं. मागच्या वर्षी ॲडमिट होतो. बारीकसारीक नाही, बऱ्यापैकी. ग्रुपवर कळलं. ‘गेट वेल सून’चे अठ्ठावीस मेसेज, हात जोडलेल्या इमोज्या. भेटायला आला तो ऑफिसातला एक ज्युनिअर, ज्याचं नाव मी कायम चुकीचं घ्यायचो. त्यानंतर कुणी टीव्हीवर मित्राच्या बेडशेजारी सफरचंद कापत बसलेलं मला बघवत नाही. यात कुणी समजूत घालू नये, मी नुसतं सांगितलं.

नदीपात्र

नाही घालत. आता तब्येत कशी?

खडूस

ठणठणीत. म्हणून तर इथे भांडतोय.

बे_एरियातला_बापू

मोरपंखीताई, तुमचं काय ठरलं? थाप की आळस?

मोरपंखी

दोन्ही नाही असं म्हणायची वेळ आणलीत तुम्ही. सगळे प्रतिसाद सलग वाचून जे वाटतंय ते लिहिते.

मालिका खोटं बोलत नाही, पण बराच हिशोब पडद्यामागे ठेवते. एकच इमारत, एकच पगार, सांभाळणारी मावशी, अट म्हणून घातलेला बँड. एवढं सगळं पुरवल्यावर पाच बऱ्या स्वभावाची माणसं मित्र राहिली तर त्यात नवल काय? माझा राग मैत्रीवर नव्हताच, या सोयींवर होता हे मला मंजुळा आणि बापूंचं वाचून कळलं. कोकणकडांचा मुद्दाही मान्य. निमित्त आधी लागतं, गप्पा आपसूक येतात. आम्ही मैत्रिणी ‘एकदा निवांत भेटू’ म्हणत राहिलो, आणि निवांत हा वार कॅलेंडरमध्ये नसतो.

पण एक गोष्ट मला अजून खटकते. दुसरा सीझन संपतो तेव्हा सगळ्यांच्या जोड्या जुळलेल्या. जोंग-वोन पाद्री व्हायचं सोडून ग्योउलबरोबर, सोक-ह्योंग मिन-हाबरोबर, जुन-वान आणि इक-सुन परत एकत्र. म्हणजे खरी परीक्षा सुरू होणार तिथेच पडदा! इक-सुन म्हणजे इक-जुनची सख्खी बहीण. जुन-वानचं तिच्याशी वाजलं तर बँडमध्ये दोन गिटारवाले एकमेकांकडे बघणार का? तिसरा सीझन आलाच नाही. तो हवा होता.

जुनी_वही

आला असता तर तुम्हीच म्हणाला असता, कशाला वाढवली.

मंजुळा

मला तिसऱ्या सीझनचा एकच भाग हवा. शनिवार, संध्याकाळ, बँडचा सराव ठरलेला. उजूला एकशे दोन ताप. वांग मावशी गावाला. आता इक-जुन आणि सोंग-ह्वा एका घरात राहतात असं धरा. घरी कोण थांबणार? बस, एवढाच दीड तासाचा भाग.

तिखटमीठ

मतदान घ्या! माझं मत : सोंग-ह्वा थांबेल आणि कुणाला काही वाटणारही नाही. तिलासुद्धा.

सूरपेटी

अजिबात नाही. ती इक-जुनला ओळखून आहे. तोच थांबेल. पहिल्या भागापासून पोराचं सगळं तोच करतोय, पोराच्या खेळण्यातलं डार्थ व्हेडरचं हेल्मेट डोक्याला चिकटलं तरी तसाच हॉस्पिटलात आला होता.

डॉ_फिरस्ता

माझंही मत इक-जुनला. शिवाय एकशे दोन तापाला दोघांपैकी एकाही सर्जनचा काही उपयोग नाही, जोंग-वोनला फोन लावावा लागेल. म्हणजे ड्रमरही गेला.

नदीपात्र

थांबा. इक-जुन घरी राहिला तर गाणार कोण?

कोकणकडा

सोंग-ह्वा.

खडूस

हा भाग आला तर मी बघेन.